घाणेवाडीच्या भिंतीवर मामा-भाची

मे महिन्यातली सकाळ, सहा-सव्वासहाची वेळ. घाणेवाडीच्या भिंतीवरचा दगड अजून गार आहे. नऊ वाजले की त्यावर हात टेकवत नाही. पाणी खूप आत सरकले आहे आणि जाताना काळ्या, भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा मागे ठेवून गेले आहे. त्या पट्ट्यात एक पोकलेन काम करते आहे आणि त्याच्यामागे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली आहे. ट्रॉली भरली की तिचा मालक खाली उतरतो, एक ढेकूळ उचलतो, बोटांनी फोडून बघतो आणि मगच चढाला लागतो. आपल्या रानात पडणारी माती तो स्वतः पारखून घेतो.

भिंतीवर दोघे उभे आहेत. एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शाखा अभियंता आणि दुसरी त्यांची भाची, जालन्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी. सुट्टी असूनही तिने वर्गातली मुले तलावावर आणली आहेत. या दोघांना नावे द्यायचे कारण नाही. जालन्यात तलावाचा विषय निघाला की दर उन्हाळ्यात हे दोन सूर ऐकू येतात, चहाच्या टपरीवर, मोंढ्यात, लग्नाच्या पंगतीत. इथे ते एका घरातल्या दोन माणसांच्या तोंडी घातले आहेत, इतकेच.

वाद काय, ते समजायला आधी तलाव समजला पाहिजे. घाणेवाडीचा जलाशय निजामाच्या राजवटीतला, 1930 च्या दशकातला. कुंडलिका नदीवर, शहरापेक्षा उंचावर तो बांधला आणि तिथून पाणी नैसर्गिक उताराने नव्या जालन्यात आणले. पंप नाही, वीज नाही, विजेचे बिल नाही. आज शहराचा मोठा भार गोदावरीवरच्या जायकवाडीतून अंबडमार्गे येणाऱ्या जलवाहिनीवर आहे आणि ते पाणी चढवायला पंप अखंड चालवावे लागतात. उताराने आपोआप येणारे पाणी मात्र घाणेवाडीचेच. या जलाशयाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. गेल्या दशकाहून अधिक काळ शहरातले व्यापारी, उद्योजक, डॉक्टर, शिक्षक आणि साधे पगारदार ‘घाणेवाडी जलसंरक्षण मंच’ या नावाखाली एकत्र येऊन उन्हाळ्यात त्याचा गाळ उपसत आले आहेत. पुढे कुंडलिकेच्या पात्रात शिरपूर पद्धतीने खोलीकरण-रुंदीकरण आणि बंधाऱ्यांची कामेही झाली. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी जी पद्धत रुजवली, तीच ही.

“दरवर्षी काढता आणि दरवर्षी येतो,” मामा म्हणाले. “घरात नळ गळतो म्हणून कुणी रोज फरशी पुसत बसत नाही. आधी नळ दुरुस्त करतो.”

“नळ दुरुस्त होईपर्यंत फरशीवर पाय घसरून माणूस पडतो, मामा. त्याचं काय?”

पडण्याची आठवण दोघांनाही होती. 2012-13 चा दुष्काळ जालन्याला 1972 पेक्षा जड गेला असे म्हणणारी म्हातारी माणसे आजही भेटतात. 1972 ला धान्य नव्हते, पण आडात थोडे तरी पाणी होते; 2013 च्या उन्हाळ्यात दुकानात धान्य होते आणि नळाला थेंब नव्हता. घाणेवाडी तेव्हा कोरडी पडली होती. बदनापूर, अंबड, घनसावंगी या पट्ट्यात पंधरा-पंधरा वर्षे पोसलेल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी त्या स्वतःच्या हातांनी तोडून सरपण म्हणून रचल्या. ज्या मोसंबीला आज भौगोलिक मानांकन आहे, तिची ही कहाणी.

“तेव्हा तलाव कोरडा पडला म्हणूनच लोकांना गाळ दिसला,” भाची म्हणाली. “पाणी असतं तोवर तळ कोण बघतं? आपण इतकी वर्षं ज्याला भरलेला तलाव म्हणत होतो, तो किती गाळानं भरलेला होता हे त्या वर्षी कळलं. मुलांना मी हिशोबच घालते. एक एकर जागा आणि एक फूट जाडीचा थर. किती होतं?”

“43,560 घनफूट. 435 ब्रास.” मामांना हा हिशोब तोंडपाठ होता. खात्यात तीस वर्षे गेली होती.

“म्हणजे सुमारे 1,233 घनमीटर. एका घनमीटरात हजार लिटर. एका एकरातला फूटभर गाळ काढला की सव्वाबारा लाख लिटरपेक्षा जास्त पाण्याला जागा होते. दहा हजार लिटरचे जवळजवळ सव्वाशे टँकर! आणि ती जागा एकदाच नाही, तलाव भरेल त्या प्रत्येक वर्षी भरते. शिवाय खोल पाणी कमी उडतं. हे तुम्हीच मला शिकवलंत.”

ते खरे होते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला सेंटीमीटरच्या आसपास पाणी हवेत जाते. पसरट, उथळ तलाव उन्हाला आपली सगळी पाठ देतो. तेच पाणी कमी जागेत खोल साठले तर जास्त टिकते. एवढ्या एका कारणासाठीही गाळ काढणे शहाणपणाचे आहे.

मामांनी ते मान्य केले आणि मग बोट दाखवून विचारले, “ते पोकलेन कुठं खोदतंय?”

“तिकडं, वरच्या अंगाला. भिंतीपासून लांब.”

“बरोबर आहे. पण मागच्या पंधरवड्यात मी दुसऱ्या एका तलावावर गेलो होतो, नाव सांगत नाही. तिथं भिंतीला खेटून खोदत होते. का, तर तिथं ट्रक जायला सोपं. भिंतीच्या पायाजवळची माती हलवली की भिंत कमकुवत होते, हे कुणी सांगायचं त्यांना? आणि दुसरं. घाणेवाडीचं पाणी उतारानं येतं. ज्या पातळीवर पाणी बाहेर पडायचं तोंड आहे, त्याच्या खाली खड्डा केलास, तर त्या खड्ड्यातलं पाणी शहरात आपोआप येणार नाही. ते तिथंच बसणार. म्हशी पितील, मासे जगतील, आजूबाजूच्या विहिरींना थोडा पाझर मिळेल. तेही चांगलंच आहे. पण नळाला त्यातलं काही मिळणार नाही. म्हणून म्हणतो, किती ट्रॉल्या निघाल्या हे मोजू नका. कुठल्या पातळीवरून निघाल्या हे मोजा.”

भाचीने वही काढली आणि लिहून घेतले.

मामांचे तिसरे म्हणणे याहून महत्त्वाचे होते. गाळ आणि मुरूम यांतला फरक काम करणाऱ्या प्रत्येकाला कळला पाहिजे. वरचा मऊ, काळा, बोटांना चिकटणारा थर म्हणजे गाळ. तो संपला की खाली पिवळसर, खरखरीत मुरूम लागतो. तिथे यंत्र थांबले पाहिजे. तलावाच्या तळाला वर्षानुवर्षे बसलेली चिकणमाती पाणी धरून ठेवते. ती फोडून मुरुमात शिरले की तलाव खालून गळायला लागतो. मुरुमाला रस्त्याच्या कामात भाव मिळतो आणि गाळाला तसा मिळत नाही, त्यामुळे गाळ काढायच्या नावाखाली मुरूम उचलण्याचा मोह कायम असतो. महाराष्ट्रात जलसंधारणाच्या खोलीकरणावर जी टीका झाली, ‘जलयुक्त शिवार’ योजनेचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, त्यात अशास्त्रीय खोदकाम हा एक मोठा मुद्दा होता. ती टीका करणारे पाण्याचे शत्रू नव्हते. स्वयंसेवकांनी ती मनाला लावून न घेता ध्यानात घ्यावी.

“म्हणून तर ट्रॉलीवाले ढेकूळ फोडून बघतात,” भाची म्हणाली. “त्यांना मुरूम नकोच आहे. शेतकरी स्वतःच्या खर्चानं वाहून नेतो तेव्हा त्याच्यासारखा दुसरा निरीक्षक नाही.”

यावर मामा काही बोलले नाहीत. त्यांना ते पटलेले दिसले.

शेतकऱ्याच्या बाजूचा हिशोबही पक्का आहे. हलक्या, मुरमाड रानात गाळ पडला की ते ओल धरते. जिथे फक्त खरिपाचा भरवसा होता तिथे रब्बीची ज्वारी-हरभरा उभा राहू शकतो. राज्य सरकारने 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली आणि 2023 पासून अल्पभूधारक व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांना, विधवांना, अपंगांना आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांना गाळ पसरवण्यासाठी घनमीटरला 35 रुपये 75 पैसे द्यायचे ठरवले, एकरी 400 घनमीटर आणि अडीच एकरांच्या मर्यादेत. एकरी 400 घनमीटर म्हणजे शेतभर साधारण चार इंचांचा थर. मात्र आधीच भारी, काळ्या, पाणी साचणाऱ्या जमिनीत गाळ टाकू नये. तिथे तो पिकाचा श्वास कोंडतो. आणि ज्या तलावात शहराचे सांडपाणी उतरते, तिथला गाळ तपासल्याशिवाय शेतात नेऊ नये. घाणेवाडी शहराच्या वर आहे, हे तिचे भाग्य. शहराला लागून असलेल्या मोती तलावाची गोष्ट वेगळी. हा तलाव जमशेदखान नावाच्या एकाने बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी त्याचे पाणी गावातल्या हौदांत खेळवले, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. आज त्याच मोती तलावाला गणपती विसर्जनाचे आणि वाढत्या शहराचे ओझे सोसावे लागते.

ऊन वर आले. मुले पाण्याच्या कडेला गेली होती आणि मामांचा मूळ मुद्दा अजून जागचा हलला नव्हता.

“कडवंचीला गेलीस कधी?”

“शाळेची सहल नेली होती.”

“काय बघितलंस?”

“द्राक्षं. आणि शेततळी. जिकडं बघावं तिकडं शेततळी.”

“ते शेवटचं बघितलंस. पहिलं काय झालं ते डोंगरावर आहे.”

जालना तालुक्यातले कडवंची हे गाव जिल्ह्याच्या पाणीकथेतला सर्वांत भक्कम पुरावा आहे. 1996 ते 2001 या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे काम झाले. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र त्यामागे उभे होते; जलतज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांचे त्याला मार्गदर्शन होते. काम माथ्यापासून सुरू झाले. आधी डोंगर-उतारावर समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, मग नाल्यावरचे बांध आणि सगळ्यांत शेवटी खालचे पाणी. माती जिथल्या तिथे थांबली, पाणी जमिनीत जिरले, विहिरी धरल्या. त्यानंतर शेततळी आणि द्राक्षबागा आल्या, आणि 2012-13 च्या दुष्काळातही हे गाव इतरांसारखे कोलमडले नाही. मामांचा सगळा युक्तिवाद या क्रमावर उभा होता.

“तुमच्या तलावात गाळ आकाशातून पडतो का? वरच्या शिवारातून येतो. पावसाळ्यात चार-पाच मोठे पाऊस होतात, त्या चार-पाच पावसांतच वर्षाचा बहुतेक गाळ येतो. तो वरच अडवा. उतारावर चर काढा, बांध घाला, बांधावर गवत लावा. तुम्ही शहरातली माणसं शहराच्या पैशातून खाली खोदत बसता आणि वरचा शेतकरी त्याची सुपीक माती तुमच्याकडं वाहून जाताना बघत बसतो. मग तीच माती ट्रॉलीनं परत नेतो. हा काय व्यवहार झाला?”

“व्यवहार चुकीचाच आहे,” भाची म्हणाली. “पण मला सांगा, वरच्या गावातल्या माणसाला चर काढा म्हणून कोण सांगणार? तुमच्या खात्यात असताना तुम्ही गेलात का कधी एखाद्या मंदिराच्या पारावर बसायला?”

“खात्याचं काम नव्हतं ते.”

“तेच म्हणते मी. कुणाचंच काम नव्हतं ते.”

इथे वादाचा खरा सांधा आहे. पाणलोटाचे तंत्र कागदावर कधीच तयार आहे. चराची रुंदी किती, बांधाचा उतार किती, कुठे गॅबियन आणि कुठे माती नाला बांध, हे सांगणारी पुस्तके आणि माणसे मराठवाड्यात भरपूर आहेत. कमी पडते ती वरच्या शिवारातल्या आणि खालच्या शहरातल्या माणसांची ओळख. ज्याच्या रानातून माती वाहून जाते आणि ज्याच्या नळाला पाणी येते, ते दोघे एकमेकांना कधी भेटतच नाहीत. भाचीला उन्हाळ्यातले मेळावे हवे आहेत ते यासाठी.

1 मे हा तिला सर्वांत सोयीचा दिवस वाटतो. तो महाराष्ट्र दिन आहे आणि 1981 मध्ये याच दिवशी औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला. सुट्टी असते, शाळेचा निकाल लागलेला असतो, शेतात काम कमी असते. त्या सकाळी तलावावर दोन तास श्रमदान, मग भिंतीवर बसून भाकरी-ठेचा, संध्याकाळी कीर्तन आणि अंधार पडल्यावर आकाशदर्शन, असा तिचा बेत असतो.

“आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या,” मामा म्हणाले. “गर्दी जमवून तलाव वाचत नाही, पोरी. गर्दीनं तलाव मरतात. मुंबई-पुण्याचे तलाव बघ.”

“ज्यांचं नाव या जलाशयाला आहे ते काय करायचे, मामा?”

मामा थांबले.

गाडगेबाबांची रीत महाराष्ट्राला माहीत आहे, पण ती पाण्याच्या कामाला किती तंतोतंत लागू पडते हे फारसे कुणी बोलत नाही. बाबा गावात शिरायचे ते झाडू घेऊन. दिवसभर गाव झाडायचे, नाल्या साफ करायचे. त्या कष्टांनीच गावात कुतूहल निर्माण व्हायचे आणि रात्री कीर्तनाला तुडुंब गर्दी जमायची. कीर्तनात ते प्रश्न विचारायचे, लोकांकडून उत्तरे काढून घ्यायचे. आधी काम, मग मेळा. आणि मेळा कशासाठी, तर उद्याच्या कामाला हात वाढावेत म्हणून. हा क्रम उलटला, नुसताच मेळा राहिला, की मामा म्हणतात तसा कचरा उरतो. भाचीचा आग्रह क्रमासह मेळ्याचा आहे, आणि या जागी तिचे पारडे जड आहे.

पानी फाउंडेशनच्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ने हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. 2016 मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झालेली स्पर्धा 2018 पर्यंत 75 तालुक्यांत पोचली. 8 एप्रिल ते 22 मे, ऐन उन्हाळ्याचे 45 दिवस, गावेच्या गावे टिकाव-फावडी घेऊन डोंगरावर गेली. 1 मेला शहरातली माणसे गाड्या भरून गावाकडे श्रमदानाला आली. कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा घमेले उचलले. भाची हे अभिमानाने सांगते. मामा लगेच विचारतात, 2019 नंतर ती स्पर्धा थांबली, तेव्हा किती गावांनी पुढच्या वर्षी आपल्या चरातला गाळ काढला? चर भरतात, बांध फुटतात, दगडी बंधाऱ्यातला दगड निसटतो. पहिल्या वर्षी ढोल वाजतो. पाचव्या वर्षी डागडुजीला कोण येतो? हा प्रश्न कडवट वाटला तरी विचारलाच पाहिजे. पाण्याच्या बहुतेक कामांचे खरे आयुष्य याच ठिकाणी ठरते.

तेवढ्यात खालून एक मुलगा धावत आला. “बाई, टिटवीची अंडी!”

सगळे खाली उतरले. गाळाच्या पट्ट्याला लागून खडकाळ, उघड्या जागेत, मातकट खड्यांच्या मधोमध चार अंडी होती. घरटे म्हणावे असे काही नाही, नुसती उथळ खळगी. चारही अंड्यांची निमुळती टोके आत वळलेली, रंग खड्यांचाच, वर काळपट ठिपके. दोन पावले इकडे-तिकडे पडली असती तर ती पायाखाली गेली असती. वर टिटवी ओरडत घिरट्या घालत होती. ट्रॉलीवाल्यांपैकी एक म्हातारे शेतकरी पुढे आले, अंडी न्याहाळली, ती पाण्यापासून किती उंचावर आहेत ते नजरेने मापले आणि म्हणाले, यंदा पाऊस बरा दिसतोय. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊसपाणी चांगले, असा जुना ठोकताळा आहे.

पाऊस कसा होईल ते टिटवीला कळते की नाही हा वेगळा विषय. पोकलेन मात्र तिथून वीस पावलांवर होते.

“बघ,” मामा म्हणाले, “तलाव म्हणजे पाण्याची टाकी नाही, हे तूच शिकवतेस ना मुलांना? एप्रिल ते जून टिटव्या उघड्या तळावर अंडी घालतात. आणि नेमके त्याच दिवसांत तुम्ही यंत्रं उतरवता.”

भाचीने वाद घातला नाही. मुलांनी आजूबाजूचे मोठे दगड आणून लांबून कडे केले, एका काठीला लाल फडके बांधून रोवले, आणि ऑपरेटरला जाऊन सांगितले. तो म्हणाला, तेवढा भाग सोडतो, महिन्याभरानं बघू. त्याला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. टिटवीची अंडी उबायला चार आठवड्यांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ मिळाला की झाले; पिल्ले अंड्यातून निघताच चालू लागतात. यंत्र उतरवण्याआधी एक दिवस माणसांनी तळ पायी फिरून बघायचा आणि अशा जागा खुणावून ठेवायच्या, एवढा नियम कुठल्याही तलावावर पाळता येईल. त्याला पैसे लागत नाहीत.

परत वर आल्यावर भाचीने पिशवीतून एक वस्तू काढली. स्टीलच्या मोठ्या डब्याचे झाकण, त्यावर चार पाव भाग करून दोन पांढरे आणि दोन काळे रंगवलेले, मधल्या भोकातून नायलॉनची दोरी, दोरीला दर दहा सेंटीमीटरवर गाठ आणि खाली वजनाला एक जुना नट.

“हे काय आता?”

“सेक्की तबकडी.”

इटलीचे धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी 1865 मध्ये भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाणी किती निर्मळ आहे ते मोजले. तबकडी खाली सोडत जायची. ज्या खोलीला ती दिसेनाशी होते ती नोंदवायची. बस्स. अमेरिकेतल्या मिनेसोटात हजारो तळी आहेत आणि तळ्याकाठच्या रहिवाशांच्या संघटनाही खूप. तिथले नागरिक 1973 पासून हीच तबकडी घेऊन आपल्या तळ्याच्या नोंदी सरकारी यंत्रणेला देत आले आहेत. उन्हाळ्यात त्यातल्या बऱ्याच संघटना 4 जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, होड्यांची मिरवणूक काढतात, एकत्र जेवतात आणि तबकडीही बुडवतात. बेंगळुरूच्या कैकोंड्रहळ्ळी तलावावर नागरिकांनी पालिकेच्या बरोबरीने तलाव पुन्हा उभा केला आणि तिथे ‘केरे हब्बा’, म्हणजे तलावाचा सण, साजरा होऊ लागला. सण आणि मोजणी एकत्र नांदू शकतात, ते असे.

मासेमारी करणाऱ्या एका माणसाने आपल्या थर्माकोलच्या तराफ्यावरून तबकडी पाण्यात सोडली. काठावरून मुले गाठी मोजत होती. थोड्या वेळाने तो ओरडला, “दिसंना!” एका मुलीने वहीत तारीख, वेळ आणि गाठींचा आकडा लिहिला. मामांनी ती वही मागून घेतली आणि मागची पाने उलटून पाहिली. दर महिन्याची नोंद होती. सांडव्यापासून पाणी किती खाली आहे त्याचा रकानाही होता.

“हे कुणी सांगितलं करायला?”

“कुणी नाही. पण तुमच्या खात्यातला एखादा आकडा मागायला गेले तर अर्ज करा म्हणतात. म्हणून म्हटलं, आपलाच असू द्यावा.”

मामा बराच वेळ ती वही धरून उभे होते. मग त्यांनी शेवटचा आणि सर्वांत जड मुद्दा काढला. “हे सगळं तुम्ही का करायचं? 2023 ला जालन्याची महानगरपालिका झाली. घरपट्टी-पाणीपट्टी आपण भरतो. तुम्ही वर्गणी काढून गाळ काढता, म्हणून ज्यांनी काढायचा ते निवांत बसतात. लोकांची भलाई ही कुणाची तरी पळवाट होते.”

“आम्ही थांबलो म्हणून ते उठतील, असं तुम्हाला खरंच वाटतं?”

“नाही वाटत,” मामा म्हणाले. “पण मागत राहायला पाहिजे. काढलेल्या प्रत्येक ट्रॉलीबरोबर एक पत्रही गेलं पाहिजे. पाणलोटावर किती खर्च केला, सांडपाणी कुठं सोडता, पूररेषेत बांधकामाला परवानगी कुणी दिली. ही वही आहे ना, हीच जोडून पाठव. आकड्याला उत्तर द्यावं लागतं.”

भाचीला हे नवे होते. श्रमदान आणि पाठपुरावा ही दोन वेगळ्या स्वभावाच्या माणसांची कामे आहेत असे ती धरून चालली होती. बहुतेक तलाव-मंडळे हेच धरून चालतात, आणि इथेच ती थकतात. घाम गाळणारा माणूस कार्यालयाच्या पायऱ्या चढायला कंटाळतो. तक्रार अर्ज लिहिणारा माणूस घमेले उचलत नाही. दोन्ही कामे एकाच मंडळाने केली पाहिजेत. मामांचे हे म्हणणे बिनतोड आहे.

“मग एक करा,” ती म्हणाली. “पत्र तुम्ही लिहा. भाषा तुम्हाला येते, नियम तुम्हाला माहीत आहेत. आणि वरच्या गावात पारावर बसायला मी येते तुमच्यासोबत. चर कसा काढायचा ते तुम्ही सांगायचं. लोकं जमवायचं माझ्याकडं लागलं.”

“काय म्हणायलीस? या वयात मी डोंगरावर चढू?”

“माथा ते पायथा म्हणता ना तुम्ही? मग माथ्यावर नको का जायला?”

नऊ वाजले होते. भिंतीचा दगड तापला होता. रांगेतली शेवटची ट्रॉली भरून चढाला लागली, तेव्हा मामा सांडव्याकडे चालत गेले आणि चुन्याच्या जुन्या खुणेपासून पाणी किती खाली आहे ते स्वतः डोळ्यांनी मोजून वहीत लिहायला सांगितले.

तुमच्या गावालाही एखादा तलाव, पाझर तलाव, किमान एक आड असेलच. मृग निघायच्या आधी एकदा तिथे जा. मुलांना बरोबर न्या. भिंतीला किंवा एखाद्या पक्क्या दगडाला पाण्याच्या पातळीची खूण करा, तारीख लिहा, आणि दिवाळीला पुन्हा जाऊन दुसरी खूण करा. पुढच्या मे महिन्यात गाळ काढायला कोणी आलेच, तर ती वही त्यांच्या हातात द्या.